आखूड मानेचं रानमांजर

माझ्या लेकीचं, लुएलाचं लग्न झालं ते १९६८ चं साल. लग्नाच्या जेवणात माझा धाकटा भाऊ आयर्विन उठून क्लेटन फेटरॉल्फच्या टेबलाशी गेला आणि त्याच्या हातात काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी ठेवली.

"क्लेटनकाका, बाबांच्या वेळी केलंत तसंच माझ्यासाठी करा," तो म्हणाला.

क्लेटनच्या तोंडात डुकराच्या मांसाचा घास होता. तो तसाच गालात ठेवून त्यानं पुंगळी उजेडाकडे धरली. तिच्यावरून त्याची नजर हलेना. मी लांबून बघत होते. मला बरं वाटलं.

बाबांच्या वेळी काय झालं ते आधी सांगते. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत दरीच्या या अंगाला बसून पलीकडच्या अंगावरचं हरीण मारतात. दुकानातलं काडतूस तिथवर धड पोचत नाही. म्हणून हौशी माणसं कारखान्याची पुंगळी घेतात आणि तिचं पोट, खांदा, मान आपल्या डोक्यानं बदलतात. कुठल्याच कारखान्यात न होणाऱ्या अशा काडतुसाला आम्ही रानमांजर म्हणतो. ते नळीत बसावं म्हणून त्याच्या मापाचं घर कोरावं लागतं, आणि त्यासाठी पोलादाची खास कोरणी दूरच्या कारागिराकडून घडवून आणतात. कोरणीच्या दांड्यावर ज्याचं नाव, तेच त्या काडतुसाचं नाव. आमच्याकडे रानमांजराचं बारसं असं होतं.

बाबा कोळशाच्या खाणीत होते. किती हिवाळे चुलीशी बसून त्यांनी एक पुंगळी मनासारखी उतरवली आणि कोरणी मागवायला क्लेटनकडे दिली. खोऱ्यात बंदुकांचा कारागीर तो एकटाच. कोरणी आली तेव्हा बाबा दांड्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बसले. मलाही त्यांनी फिरवू दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, मलाही तेव्हा येत नव्हतं. आयर्विन फौजेतून सुटीवर आला आणि त्यानं वाचलं. फेटरॉल्फ.

तोवर निम्मं खोरं ते काडतूस घेऊन शिकारीला जात होतं. नेमबाजीच्या क्लबाच्या भिंतीवरही तेच नाव रंगवलेलं. विचारायला गेलो तर क्लेटन म्हणाला, "अमोसनं पितळ आणलं असेल. डोकं माझं." बाबा दाराकडे वळले. खाणीच्या धुळीनं छाती भरलेली, चार शब्द बोलले की खोकल्याची उबळ यायची. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मरायच्या आधी एकदा कुणीतरी चारचौघांत म्हणावं, हे अमोस केर्स्टेटरचं आहे."

फौजेतून कायमचा घरी आल्यावर आयर्विन अख्खा हिवाळा माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुंगळ्या मांडून बसायचा.

"चांगलं काडतूस कुणीही करेल, ताई. मला चोराला मोह पडेल असं करायचंय."

"म्हणजे कसं?"

"पोट मोठं, गोळी बारीक, मान आखूड. वेग असा की क्लेटनला झोप लागणार नाही. पण एवढ्या दारूचा जाळ बारीक नळीत शिरणार, आणि मान आखूड म्हणून तो थेट नळीच्या घशावर आदळणार. उन्हाळाभर मारलं की घसा जळून खडबडीत."

"फुटेल का रे ते? त्याच्या तोंडावर?"

"नाही. तोंड मला शाबूत हवंय. उघडायला लावायचंय ते."

"पण तो कारागीर आहे. त्याला कळणार नाही?"

"तो सराव करतो शेतात, दोनशे यार्डांवर. तिथं सगळं गोड दिसतं. क्लबाची स्पर्धा असते हजार यार्डांवर, तिथं पितळ उघडं पडतं."

"बरं, हरला. त्यानं बाबांना काय मिळालं?"

आयर्विन हसला. "चोर चांगल्या मालाला आपला म्हणतो, ताई. माल नासका निघाला की त्याला मालक आठवतो."

पुंगळी दिल्यावर क्लेटन म्हणाला, "कोरणीच्या कारागिराकडे गर्दी आहे रे पोरा. हिवाळ्यात बघू." आणि जूनमध्ये त्याच्या शेतातून नवाच आवाज यायला लागला, जाड आणि लांब घुमणारा. आयर्विन पावावर सफरचंदाचा मुरंबा लावत होता. सुरी तशीच हातात.

"ऐकलंस? आपलं मांजर ओरडतंय."

मग रोज संध्याकाळी तो आवाज. मी कपडे वाळत घालताना मनात म्हणायचे, मार, अजून मार. आयर्विन वाण्याच्या दुकानात मुद्दाम सगळ्यांसमोर त्याला डिवचायचा, "क्लेटनकाका, वय झालं आता. खांदा दुखेल, सराव कमी करा." दुसऱ्या दिवशी क्लेटन आणखी जास्त मारायचा.

सप्टेंबरात हजार यार्डांची स्पर्धा झाली. बाबांना आम्ही खुर्चीसकट उचलून नेलं, अंगावर गोधडी. नेम धरायच्या आधी प्रत्येकानं उभं राहून काडतुसाचं आणि ते बनवणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगायचं, हा क्लबाचा नियम. क्लेटन उभा राहिला.

"दुसरं फेटरॉल्फ. बनवणारा, क्लेटन फेटरॉल्फ!"

त्याच्या निशाणाचा कागद आणला. कोंबड्यांना दाणे फेकावेत तशी भोकं. एक गोळी तर कागदालाच लागली नव्हती. क्लबाचे म्हातारे अध्यक्ष हार्वी ब्रेसलर यांनी चष्मा पुसला.

"क्लेटन, निशाणावर मारत होतास की डोंगरावर?"

सगळे हसले. क्लेटन कानापर्यंत लाल झाला. "माझा काय दोष? मापच गाढवाचं! एवढी आखूड मान कुणी ठेवतं का? हे माझं नाहीच. या केर्स्टेटरच्या पोराचं आहे!"

हसणं थांबलं. आयर्विन शांतपणे म्हणाला, "आत्ता तर तुमचं होतं, काका." मग म्हणाला, "आणि पहिलं फेटरॉल्फ कुणाचं?"

क्लेटननं इकडेतिकडे बघितलं. कुणीच नजर काढून घेतली नाही.

"बोल की," हार्वी म्हणाले.

"अमोसचं."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"अमोस केर्स्टेटरचं!"

बाबांनी डोळे मिटून घेतले. हार्वींनी तिथल्या तिथे रंगाचा डबा मागवला आणि भिंतीवरचं नाव खोडून नवं घातलं. क्लेटनची ती जड रायफल उचलायला कुणी पुढे आलं नाही. त्याची बायको मिनी एका बाजूनं धरून चालली, तो दुसऱ्या बाजूनं. ते गाडीपर्यंत पोचेतो मी बघत राहिले. मला दया आली नाही, आजही येत नाही.

घरी येताना बाबा आयर्विनला म्हणाले, "वाईट वस्तू मुद्दाम करू नये रे. हाताला सवय लागते."

"एकच केली, बाबा."

"एकच बरी," बाबा म्हणाले. खोकला थांबल्यावर त्यांनी भिंतीवरची अक्षरं कशी दिसतात ते मला पुन्हा विचारलं.

त्यानंतर क्लेटनकडे कुणी काम दिलं नाही. वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागलं.

माझे वडील अमोस केर्स्टेटर हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी १ डिसेंबर १९६८ ला वारले. क्लेटन फेटरॉल्फ मार्च १९७३ मध्ये लेकीच्या गावी मेला. त्याच्या मातीला आमच्या घरातलं कुणी गेलं नाही.