निळ्या ताडपत्रीखालची होडी

आमच्या गल्लीत मला सगळे डासवाली म्हणतात. म्हणोत बापडे. मी पालिकेच्या मलेरियाच्या कामावर आहे, वर्सोव्यात दारोदार फिरते, टाक्यांत, पिंपांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत डोकावते आणि अळ्या दिसल्या की फोटो काढून ॲपवर चढवते. कुणाला मलेरिया निघाला की नकाशावर त्याच्या घरावर लाल ठिपका उमटतो. तसा एक ठिपका आमच्याही घरावर आहे, माझ्या कल्पीचा. पोर दुसरीत होती. ताप मेंदूत गेला आणि ती गेली.

तपासायला ज्याची त्याला गल्ली देत नाहीत, नातेवाइकांना सांभाळून घेऊ म्हणून. आमची गल्ली माझ्यासोबत काम करणाऱ्या हर्षदकडे. त्याने एकही टाकी सोडली नाही, उगाच कुणावर आळ घेणार नाही मी. तरी ठिपके वाढतच होते. कल्पीचं बारावं उरकून मी कामावर गेले, तर आमच्यावरच्या सुबोधसरांनी मला नकाशा दाखवला. ठिपके गोल बसले होते आणि मधे मोकळी जागा. ॲपच्या हिशेबी तिथे घर नाही, म्हणून कुणाला जायला सांगितलंच नव्हतं. वरून काढलेल्या फोटोत नुसतं निळं काहीतरी दिसत होतं. इथे काय आहे, सरांनी विचारलं. तिथे ताडपत्रीखाली आमची होडी आहे.

होडी माझ्या सासऱ्यांची, धर्माबाबांची. माझा नवरा कृणाल मासेमारीचा धंदा सोडून अंधेरीत कुरियर वाटतो, पण एक दिवस तो परत होडीवर येईल ही बाबांची आशा काही सुटत नाही. लाकडी होडी कोरडी पडली की फळ्या सुकून फटी पडतात, म्हणून बाबा तिच्यात पाणी भरून ठेवतात. खाडीचं, खारं. खाऱ्या पाण्यात मलेरियाचा हा डास सहसा होत नाही. तेवढ्यावर मी जीव धरून होते. तरी सरांच्या पाया पडले, काही निघालंच तर बाबांना सांगू नका म्हणाले. कल्पी त्यांचा जीव की प्राण होती. म्हातारा जगायचा नाही.

दुपारी बाबा झोपतात, तेव्हा आम्ही गेलो. ताडपत्री उचलली आणि पहिल्यांदा दिसला तो पाइप, आमच्या मोरीतल्या नळापासून होडीत सोडलेला. यंदा बाबांचे गुडघे गेले, खाडीवरून हंडे आणणं होईना. मी कामावर असताना त्यांनी नळाचं गोडं पाणी भरलं होतं. स्वच्छ, सावलीतलं पाणी, आणि ते अळ्यांनी नुसतं वळवळत होतं. मला तिथेच मरावंसं वाटलं. मी फोटो काढला आणि होडीच्या तळाचं बूच ओढलं.

आवाजाने बाबा काठी टेकत बाहेर आले. होडीला रंग द्यायचाय, म्हणून पाणी काढतोय, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी वाकून ओल्या मातीवर तडफडणाऱ्या अळ्या पाहिल्या. मग सरांच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि मग माझं तोंड.

"निशा, याचंच मच्छर होतान?"

मला खोटं बोलवेना. मी मान हलवली. बाबा होडीचा काठ धरून हळूहळू खाली बसले.

"कल्पी इचारायची, आजा, पाण्यान काय वलवलतंय? मी सांगला, मासलीची पिलां हान. रोज ताडपत्री उचलून बगायचो आमी दोघां, कवरी मोठी झाली तं." त्यांनी ओल्या मातीवर हात ठेवला. "तिनं नावां पन ठेवली व्हती त्यांना."