इनोका विरोधी बाजूने बोलली

वादविवाद स्पर्धेचा विषय फळ्यावर लिहिला गेला आणि वर्गातले सगळे इनोकाकडे वळून बघायला लागले. ‘कर्जात बुडालेल्या देशाला शेजाऱ्यांनी सावरावं का?’

इनोका श्रीलंकेची, तिकडच्या दक्षिण टोकाच्या माताराची. अर्थशास्त्रात एम.ए. करायला पुण्यात आलेली, आणि सदाशिव पेठेत हिराबाई वाघमारे नावाच्या एका निवृत्त नर्सच्या घरी एक खोली घेऊन राहणारी. बावीस सालचा एप्रिल चालू होता. तिच्या देशात पेट्रोलसाठी लांबच लांब रांगा लागत होत्या, स्वयंपाकाचा गॅस आणि औषधं मिळत नव्हती, दिवसातला निम्मा वेळ वीज नसायची. पुण्यात भेटेल तो तिला “घरचे ठीक आहेत ना?” असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जायचा.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. इनोकाच्या वाट्याला विरोधी बाजू आली.

स्पर्धा भरवणारा अभिनव तिच्याच वर्गातला. तो कानकोंडा होऊन म्हणाला, “मी बदलून देतो ना. कोणी काही म्हणणार नाही.”

“नको, असू दे,” इनोका म्हणाली.

आजाऱ्याशी बोलावं तसं सगळ्यांनी हळू आवाजात आपल्याशी बोलणं तिला नकोसं झालं होतं. एकदा तरी कुणीतरी आपलं म्हणणं खोडून काढावं, आपल्याशी कडाकडा भांडावं, असं तिला वाटत होतं.

ती इंग्रजीत बोलली आणि चांगली बोलली. ज्यांनी कर्ज काढलं ते वेगळे आणि जे आज रांगेत उभे आहेत ते वेगळे, हे तिने आधीच सांगून टाकलं. शेजारी धावून येतात तेव्हा कर्ज काढणाऱ्यांचीच मान सुटते, ते तसेच खुर्चीवर बसून राहतात, असा तिचा मुद्दा होता. शेवटी ती म्हणाली, “आम्हाला पैसे देऊ नका. द्यायचेच असतील तर आधी विचारा, मागचे कुठे गेले.”

टाळ्या पडल्या, पण बिचकत. तिला खोडून काढायला कोणीच उठलं नाही. बाजूने बोलणाऱ्या मुलीने तर “इनोका, वुई आर विथ यू” असं म्हणून आपला निम्मा वेळ घालवला. पहिलं बक्षीस देताना परीक्षक म्हणून आलेले निवृत्त प्राध्यापक चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, “मुद्दे उत्तम. देश आपलाच होता, हे लक्षात होतं ना?” लोक हसले. इनोकाही हसली, आणि कुणासाठी न थांबता खोलीवर निघून आली.

त्या भाषणाचा एक तुकडा कुणीतरी कापून इंटरनेटवर टाकला. ‘आम्हाला पैसे देऊ नका’ एवढंच त्यात होतं, पुढचं वाक्य नव्हतं. तो बघता बघता समुद्रापार गेला. खाली सिंहलीतून शिव्या होत्या. पोट भरलेल्यांनी उपाशांच्या वतीने नकार देऊ नये, असंही एकाने लिहिलं होतं. ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. पुण्यातल्या श्रीलंकन मुलांच्या ग्रुपमधून तिला कुणीतरी काढून टाकलं. कुणी काढलं, ते तिने पाहिलं नाही.

ती मुलं गावी जाणाऱ्या एकाबरोबर औषधं पाठवणार आहेत, एवढं तिला आधीच माहीत होतं. तिने हिराबाईंना सांगितलं. बाई मूळच्या वर्ध्याच्या. दीक्षा म्हणून एकुलती एक मुलगी, ती कॅनडात. घरात बोलायला माणूस मिळालं की त्यांना बरं वाटायचं. दोघी पेठेतल्याच औषधांच्या घाऊक दुकानांत हिंडल्या. काय घ्यायचं, काय नाही, ते बाईंनी ठरवलं. खोकं भरल्यावर त्या इनोकाबरोबर रिक्षाने कोथरूडला त्या मुलांच्या खोलीपर्यंत गेल्या आणि खालीच थांबल्या.

चमिंद नावाच्या मुलाने दार उघडलं. आत सात-आठ जण जमले होते. तापलेल्या खोबरेल तेलात कढीपत्ता पडल्याचा वास येत होता आणि कुणीतरी सिंहलीत चेष्टा करत होतं.

“औषधं आहेत,” इनोका म्हणाली.

“ठेव.” त्याने खोकं घेतलं. “थँक्स. पाठवतो आम्ही.”

तो दारातून हलला नाही. ‘ये ना आत’ हे शब्द ऐकायला ती किंचित थांबली. आतल्या गप्पाही थांबल्या होत्या. मग ती जिना उतरली.

“काहून गं, बसली नाहीस?” हिराबाईंनी विचारलं.

“ते घाईत होते.”

बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, “चला.”

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. तात्ता माताराला रिक्षा चालवायचे. तो तुकडा फिरायला लागल्यापासून त्यांचा फोन नव्हता, आणि करायचं धाडस इनोकाला झालं नव्हतं.

“रांगेत आहे,” ते म्हणाले. “कालपासून. पेट्रोल आज येईल म्हणतात.”

“तात्ता, तुम्ही ते बघितलंत?”

“पूर्ण बघितलं. समोरच्या पोराने शोधून दिलं. इंग्रजी सगळं कळलं नाही. पैसे कुठे गेले, ते विचारायलाच पाहिजे. मीही विचारतो. पण आज येणारं पेट्रोल भारताच्याच पैशाचं आहे, पोरी. ते येऊ नये, असं मला नाही म्हणता येत.”

“मलाही नाही म्हणता येत.”

“मग ते का नाही बोललीस?”

बाजू चिठ्ठीने ठरली होती, हे तिला सांगता आलं असतं. ती म्हणाली, “मला वाटलं, ते इथे सगळेच बोलतील.”

“बोलले का?”

“बोलले. पण त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.”

तिकडे पुढून कुणीतरी ओरडलं. रांग हलली होती. पेट्रोल वाचवायला रिक्षा ढकलतच पुढे न्यावी लागायची. त्यांनी फोन सीटवर ठेवला, बंद मात्र केला नाही. इनोकाला त्यांचा दम लागलेला ऐकू येत होता, चपलांचा आवाज येत होता, शेजारच्या दोन बाया तांदळाच्या भावावरून भांडत होत्या. सगळं तिच्या भाषेत. बाहेर हिराबाई जेवायला हाका मारत होत्या. फोन कानाला तसाच दाबून धरून ती खिडकीपाशी उभी राहिली. मग तिकडचा आवाज एकाएकी बंद झाला. तिने पुन्हा लावून बघितला, पण लागला नाही. त्यांना पेट्रोल मिळालं की नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मिळालं होतं.