कटनंतरचे नऊ सेकंद

सिनेमाच्या कोर्समध्ये सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून मला मुंगी आवडत नव्हती, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता. अंगापेक्षा मोठं सामान उचलायची म्हणून वर्गाने तिला मुंगी नाव ठेवलं होतं. कॅमेऱ्याची तिपायी, दिवे, वायरींची भेंडोळी, सगळं खांद्यावर टाकून तुरुतुरु निघायची. मी कधी मदतीला हात लावला नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा यावर मी तास तास डोकं खाजवायचे आणि ही डबा खाता खाता म्हणायची, "इथे ठेवू या का?" आणि तीच जागा बरोबर निघायची. माझ्या पोटात दुखायचं. म्हणायला म्हणून नाही, अगदी खरंखुरं, बरगडीच्या खाली.

पुढच्या सत्रात दिग्दर्शनाला चारच जणांना घेणार होते आणि आम्ही होतो सोळा. तीन नावं तर शिपायालासुद्धा ठाऊक होती. चौथी जागा मुंगीची नाहीतर माझी, हे सगळा वर्ग जाणून होता. मी तर घरी सांगूनही टाकलं होतं. बाजारात तुरी म्हणतात तसं.

जागा ठरवणारं शेवटचं काम होतं तीन मिनिटांचा सिनेमा. विषय 'वाट पाहणं', आणि अट अशी की एकही शब्द बोलायचा नाही. शिवाय एडिटिंगच्या बाईंचा जुना नियम होता: आपलं पोर सगळ्यांना देखणंच वाटतं, म्हणून आपला सिनेमा आपण कापायचा नाही. चिठ्ठ्या टाकायच्या आणि दुसऱ्याचा घ्यायचा. मार्क देणाऱ्या या बाईंना आम्ही कात्रीबाई म्हणायचो, आणि ते त्यांना माहीत होतं. माझ्या चिठ्ठीत मुंगी निघाली. मुंगीच्या चिठ्ठीत मी.

माझ्या सिनेमात आरसे होते, धूर होता आणि नाटकात काम करणारी एक देखणी मुलगी खिडकीशी उभी राहून वाट पाहत होती. कोणाची, ते मीसुद्धा ठरवलं नव्हतं. मुंगीच्या सिनेमात तिचे बाबा होते, बसच्या डेपोतले निवृत्त मेकॅनिक. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शर्टाला बटण लावत होते. सुईत दोरा जात नव्हता, आणि दर वेळी नेम चुकला की ते दाराकडे बघायचे. बस्स, एवढंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आलं याचा इतका संताप आला की मी मशीन बंद करून जिन्यात जाऊन बसले.

शेवटच्या शॉटमध्ये मुंगीचा आवाज येतो, "कट." मग ती बहुतेक कॅमेरा बंद करायला विसरली, कारण पुढे नऊ सेकंद चित्रण होतं. बाबा सुई तशीच हातात धरून मान वर करतात, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, म्हणजे तिच्याकडे बघतात आणि विचारतात, "बरोबर झालं का गं? नाहीतर परत करतो."

असली शेपटं कापणं हे एडिटरचं पहिलं काम. शिकाऊ पोरसुद्धा चुकणार नाही. मी ते नऊ सेकंद ठेवले, तिच्या 'कट'सकट. बोलायचं नाही ही अट मोडेल, पोरं खिदळतील, मार्क जातील आणि चौथी जागा माझी. विचारलंच कोणी तर म्हणायचं, नजरचुकीने राहिलं.

आता खरं सांगायलाच बसले आहे तर हेही सांगते. ते नऊ सेकंद मी वीस वेळा तरी पाहिले. आठवड्यापूर्वी माझ्या बाबांनी चहा पिता पिता विचारलं होतं, "तुमचा सिनेमा बघायला आम्ही आलो तर चालतं का गं?" मी म्हटलं होतं, "तुम्हाला नाही कळायचं ते, बाबा." मुंगीचे बाबा मुंगीकडे जसं बघत होते तसं माझ्याकडे बघायला मी कोणाला जागाच ठेवली नव्हती. म्हणून मी जास्तच जळले.

दाखवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपला कापलेला सिनेमा कात्रीबाईंसोबत एकदा बघायचा आणि बदल चिठ्ठीवर लिहून एडिटरला पाठवायचे, अशी पद्धत होती. मी मुंगीला दोन्ही बाजू भरून अकरा बदल लिहिले. खरं तर तिने माझा सिनेमा जीव लावून कापला होता, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मुंगीची चिठ्ठी आली ती कोरी. मी दोनदा उलटून पाहिली. हिला एवढंसुद्धा दिसू नये? आणि म्हणे दिग्दर्शक! त्या दुपारी मी मजेत शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मुंगीचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. माझा सिनेमा लागला, संपला, टाळ्या पडल्या. पाहुण्याने दिलेली मिठाई चांगली असो नसो, आपण 'छान' म्हणतो, तशा टाळ्या. मग मुंगीचा लागला. 'कट' ऐकू आलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाबांनी पडद्यावर विचारलं, "बरोबर झालं का गं?" आणि कोणी म्हणजे कोणी हसलं नाही. दिवे लागले तरी कोणी हलेना. मागे कोणीतरी नाक ओढलं.

बाबा मात्र गडबडून उठले आणि थेट माझ्याकडे आले. "तूच कापलंस ना, बाळ? माझं बोलणं चुकून राहिलं वाटतं. मला वाटलं झालं हिचं, म्हणून बोललो. तिचे मार्क तर नाही ना जायचे?"

तेवढ्यात कात्रीबाई उभ्या राहिल्या. काल मुंगीसोबत पाहिलेलं असूनही त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शेवट कोणी ठेवला हा?"

चोराच्या मनात चांदणं. मी मान खाली घातली.

"तिने," मुंगी माझ्याकडे बोट करून म्हणाली.

"बोलायचं नाही असं मी सांगितलं होतं," कात्रीबाई म्हणाल्या. "पण हे लिहिलेलं वाक्य नाही. वाट बघणारा माणूस शेवटी काय विचारतो, ते आहे. चौथी जागा मुंगीची. आणि तू," त्या माझ्याकडे वळल्या, "तू एडिटिंगला ये. असं शेपूट ओळखणारी नजर मला दहा वर्षांत दिसली नाही." वर्गाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या अगदी खऱ्या होत्या. गालावर चपराक बसावी तशी मी त्या ऐकत उभी राहिले.

सगळे पांगल्यावर मुंगी सामान आवरत होती. मी जवळ गेले. "तुझं हसं व्हावं म्हणून ठेवलं होतं मी ते."

"माहितीये," ती वायर गुंडाळत म्हणाली. "काल पाहिलं तेव्हाच कळलं. इतका राग आला! चिठ्ठीवर 'काढ' असं लिहिलंसुद्धा. मग बाईंना म्हटलं, परत एकदा लावा. बाबा तिथेच खरे बाबा दिसत होते गं. मग ती चिठ्ठी फाडली आणि कोरी पाठवली."

"आणि मार्क गेले असते तर? जागा?"

"गेली असती तर गेली असती. खरा सिनेमा तर तोच होता ना."

सत्रभर मी हिच्या नजरेवर जळले, नशिबावर जळले, बाबांवर जळले. तो सगळा नुसता सराव होता. खरा मत्सर मला आत्ता वाटला, कारण चौथी जागा हिचीच होती हे आता माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून मी तिची तिपायी उचलायला वाकले.

"राहू दे गं," मुंगी म्हणाली, "मला सवय आहे." आणि सगळं खांद्यावर टाकून बाबांच्या मागे तुरुतुरु निघून गेली.