तापलेल्या प्रोसेसरचं भूत

आटगावात प्रणयच्या कॉम्प्युटरच्या दुकानापुढे अख्खी वाडी लोटली होती. वर तापलेला पत्रा, आणि आत मुरबाडहून आणलेला देवजी भगत कॉम्प्युटरवर मोरपिसांचा कुंचा फिरवत घुमत होता. थोड्या वेळाने काळा पडलेला स्क्रीन उजळला. लोकांनी भराभर हात जोडले. मी कपाळाला हात लावला.

मी शहापूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझी विद्यार्थिनी काजल हिने रडत फोन केला होता, "बाई, आईला वाडीतून काढतायत!" तिची आई लहानी वीटभट्टीवर राबते. रेशनच्या केवायसीसाठी अंगठा द्यायला ती दुपारच्या सुट्टीतच येऊ शकते, आणि ती आली की मशीन बंद पडतं. बाकीचे सकाळी येतात, त्यांचं काम होतं. झालं! एवढ्यावरून बाई भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरली.

"तिची नजर प्रोसेसरात शिरलीय," देवजी ओरडला. "आज मशीन बंद पडतंय, उद्या तुमची पोरं बंद पडतील!"

वाडीचा पुढारी रामू लहानीला म्हणाला, "सांजच्या आत चूल विझव नि निघ."

माझं डोकं फिरलं. "प्रणय, मशीनशेजारी हे लाल फडकं कसलं रे?"

"भगतानं बंधन घातलंय, बाई. सोडायचं नाय बोलले. मशीन बंद पडलं की तेच येऊन सोडतात, झाकण उघडतात नि कुंचा फिरवतात."

"झाकण कशाला?"

"भूत बाहेर पडायला वाट नको?" देवजी माझ्यावर खेकसला.

वा रे वा! हवेची भोकं बंद करायची, मशीन तापलं की झाकण उघडून वारा घालायचा आणि वर दक्षिणा घ्यायची!

"नुसत्या फडक्याने मशीन एवढं तापत नाही. प्रोसेसरचा स्पीड वाढवलास का?" मी प्रणयला विचारलं.

तो ओशाळला. "हळदीचे व्हिडिओ फास्ट बनावेत म्हणून सेटिंगमधून वाढवला. मग मशीन अडकायला लागलं, तर व्होल्टेज पण वाढवलं."

मी लहानीला काजलबरोबर स्टेशनवर जाऊन बसायला सांगितलं. झाकण लावून फडकं पुन्हा बांधलं आणि प्रणयला हळदीचा व्हिडिओ बनवायला लावला. पंखे किंचाळू लागले आणि जरा वेळाने स्क्रीन काळा झाला.

"आता कुणाची नजर लागली?"

"भुताळीची नजर स्टेशनावरनं पण येते," देवजी म्हणाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मी फडकं फेकून दिलं, मशीन निवू दिलं, वेग आणि व्होल्टेज मूळ आकड्यांवर आणलं. लहानीला बोलावून थेट स्क्रीनसमोर बसवलं. "बघ त्याच्याकडे. डोळे फाडून बघ!" तोच व्हिडिओ शेवटपर्यंत तयार झाला. लहानीचा अंगठाही लागला.

"ऐका," मी म्हटलं. "प्रोसेसरात करोडो बारीक स्विच असतात. आतल्या घड्याळाच्या ठोक्यावर ते चालू-बंद होतात, आणि दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन जाते. ठोके वाढवले की उष्णता वाढते. भरधाव वेगात स्विच वेळेवर हलायला व्होल्टेज चढवावं लागतं, आणि व्होल्टेज दुप्पट केलं तर उष्णता चौपट. म्हणून तर मोठमोठे इंजिनियर नुसता वेग वाढवायच्या नादाला लागत नाहीत. वर भरदुपारचा पत्रा आणि हे फडकं! जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर स्वतःच बंद होतो. लहानी यायची ती नेमकी त्याच वेळी."

देवजी कुंचा काखेत मारून सटकायला निघाला. मी त्याला अडवलं. कुणाला भुताळी ठरवणं गुन्हा आहे, त्याच्याविरुद्ध मी तक्रार करणार होते.

रामू मान खाली घालून माझ्याकडे आला. "चुकलं, बाई."

"मला काय सांगतोस? तिला सांग!"

तो वळला. लहानी त्याच्याकडे रोखून बघत होती. "मशीन चाललं म्हनून मी मानूस ठरले," ती म्हणाली. "नसतं चाललं तर?"

आणि पदर खोचून ती भट्टीकडे निघाली.

वाचकहो, कारण शोधा. सापडलं नाही तर सरळ "ठाऊक नाही" म्हणा. तसं म्हटल्याने कुठल्या बाईला घर सोडावं लागत नाही.