दुसऱ्याच्या मापाचा ओटा

टेलरबाई सहा आठवड्यांनी घरी परतल्या, तेव्हा दारातच नवऱ्याने मागून येऊन त्यांचे डोळे झाकले. हातात बॅग, खांद्याला पिशवी, प्रवासाने अंग आंबून गेलेलं, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी हा खेळ.

"अहो, काय पोरखेळ लावलाय! पडेन ना मी."

"चल तर खरी. पाच पावलं फक्त."

पाचाची नऊ पावलं झाली. मग हात बाजूला झाले आणि क्षणभर बाईंना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो. स्वयंपाकघर आणि त्यांची शिवणाची खोली यांच्यामधली भिंतच नव्हती. जिथे त्यांचा जुना ओटा होता तिथे काळीभोर, आरशासारखी चकचकीत कपाटं उभी होती. एकाही कपाटाला कडी नाही, मूठ नाही. मधोमध चौथऱ्यासारखा आणखी एक ओटा. वर भिंतीवर उघड्या फळ्या, त्यांवर मोजून सहा पांढऱ्या वाट्या.

"कसं वाटलं?" नवऱ्याचा चेहरा नुसता उजळला होता. "तू तिकडे बहिणीची सेवा करत होतीस, म्हटलं आपणही तुझ्यासाठी काहीतरी करावं. एकदम सरप्राइज!"

बाईंची थोरली बहीण शिडीवरून पडून पाय मोडून घेऊन बसली होती, म्हणून त्या गेल्या होत्या. रोज फोन व्हायचा. काय खाल्लंस, पाय कसा आहे, सगळं बोलणं व्हायचं, पण भिंत पाडतोय हे काही नवऱ्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"माझे डबे कुठायत?" बाईंनी एवढंच विचारलं.

गल्लीत त्यांना सगळे टेलरबाई म्हणत आणि नवऱ्याला लंबूकाका. सहा फूट एक इंचाचा माणूस, विमा कंपनीत नोकरी, स्वभावाने गरीब. बाई चार फूट दहा इंच. लग्नाच्या फोटोत त्यांना पाटावर उभं केलं होतं. बावीस वर्षं त्या घरात शिवण करत होत्या, आणि त्यांनी शिवलेला कपडा खांद्यात आला नाही किंवा काखेत काचला, असं म्हणणारं गिऱ्हाईक गल्लीत तरी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चहा करायला उभ्या राहिल्या आणि ओटा थेट छातीखाली आला. पातेल्यात काय चाललंय ते बघायला टाचा उंचवाव्या लागल्या. कांदा चिरताना कोपरं अशी वर गेली की जणू त्या पोहत होत्या. दहा मिनिटांत मान भरून आली. कपाटाला मूठ नव्हती, कारण ते दाबलं की उघडायचं. पण दाबायचं तर हाताला पीठ. आणि नको असताना मात्र नुसता गुडघा लागला की दार फटकन उघडून नडगीवर बसायचं. दोन दिवसांत नडगीला तीन ठिकाणी निळं झालं. मधल्या चौथऱ्यामुळे फ्रिजचं दार अर्धंच उघडायचं, भाजीचा खण बाहेर काढायचा तर आधी त्यातली भाजी एकेक करून उपसायची. कोपऱ्यातल्या कपाटात गोल फिरणारी फळी होती. पहिल्याच फेरीला साखरेचा डबा मागे कुठेतरी घरंगळला तो गेलाच. आणि सिंक! सिंक कसलं, थाळी होती ती. नळ सोडला की पाणी उसळून सरळ पोटावर.

"सवय होईल गं," लंबूकाका म्हणाले. "नवीन आहे ना."

"नवीन चप्पल चावते ती सैल होते. दगड सैल होतो का?"

"तू ना, आधी नाही म्हणायचं आणि मग बघायचं. माझ्या ऑफिसातले सगळे बघून गेले, तोंडात बोटं घातली त्यांनी."

बघून तर रोजच कुणीतरी जात होतं. नणंद आली. काळ्या दारांवरून हात फिरवून म्हणाली, "वहिनी, नशीब काढलंत! नाहीतर आमचे हे. साधा बल्ब बदलत नाहीत." ती गेल्यावर बाईंनी फडकं घेतलं आणि तिच्या पाचही बोटांचे ठसे पुसले. ठसे पुसणं हे आता दिवसातून चार वेळांचं काम झालं होतं. उघड्या फळ्यांवरच्या वाट्या तर तेलाच्या वाफेने अशा चिकटायच्या की वापरायच्या आधी घासायच्या आणि वापरल्यावर पुन्हा घासायच्या. आणि एवढं होऊन कुणाकडे गाऱ्हाणं करायची सोय नाही. नवऱ्याने प्रेमाने केलंय, त्याला नावं ठेवणारी बाई म्हणजे केवढी कृतघ्न! बाई आतल्या आत धुमसत राहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात वकीलबाई आपला काळा कोट न्यायला आल्या. बाह्या सैल करायला दिला होता. त्यांनी कोट अंगात घातला, आरशात पाहिलं, मग बाही नाकाशी नेली.

"टेलरबाई, काम नेहमीसारखं झकास. पण मी कोर्टात जाते हो, कांदा तळायला नाही जात."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंत होती तोवर बावीस वर्षांत कुठल्या कपड्याला तळणाचा वास लागला नव्हता. त्यांनी कोट परत ठेवून घेतला, दोन दिवस गच्चीत वाऱ्यावर टांगला आणि स्वतः नेऊन दिला. त्या दिवसापासून शिवणाचे सगळे कपडे झोपायच्या खोलीत गेले, आणि मशीनपासून पलंगापर्यंत येरझाऱ्या सुरू झाल्या.

त्याच शनिवारी डिझायनर आला. लंबूकाकांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी पुतण्या. गळ्यात कॅमेरा, सोबत सुतारदादा, एक ड्रॉवर अडकत होता म्हणून. डिझायनरला आपल्या माहितीपत्रकासाठी फोटो हवे होते.

"काकू, पाच मिनिटं हं," तो म्हणाला, आणि बाईंनी ओट्यावर मांडलेले डबे उचलून जमिनीवर ठेवू लागला. तेलाची बरणी गेली, मिठाची गेली, भांडी निथळत ठेवलेली टोपली गेली. नळावर वाळत घातलेलं फडकं त्याने दोन बोटांनी धरून बाहेर टाकलं. मग त्याची नजर सिंकपुढच्या लाकडी पाटावर गेली. बाई त्यावर उभ्या राहून भांडी घासत. त्याने तो पायाने बाजूला सरकवला.

"काय आहे ना काका," तो हसत लंबूकाकांना म्हणाला, "माणसं वापरायला लागली की किचनचा लूकच जातो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो पाट जिथे होता तिथे ठेवा."

"हो काकू, फोटो झाला की लगेच."

"आत्ता. हाताने."

आवाज वर चढला नव्हता, पण डिझायनर वाकला आणि त्याने पाट होता तिथे ठेवला. बाई त्यावर चढल्या. पाटावर उभ्या राहूनही त्या त्याच्या हनुवटीपर्यंतच येत होत्या.

"आता मला सांगा, तुम्ही आयुष्यात किती दिवस स्वयंपाक केलाय?"

"अगं, तो पाहुणा..." लंबूकाका मध्ये पडले.

"मी त्यांना विचारतेय. आणि दादा, तुम्हालाही विचारते. हा ओटा कुणाच्या मापाने बांधला?"

सुतारदादा ड्रॉवरमधून डोकं बाहेर काढून आधी डिझायनरकडे, मग लंबूकाकांकडे बघत राहिले. शेवटी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "ताई, खोटं कशाला बोलू? मापाच्या दिवशी हे म्हणाले, काका, इथे उभे राहा. साहेब उभे राहिले. त्यांच्या कोपरावरून उंची काढली. मी विचारलं होतं, ताई केवढ्या आहेत? तर साहेब म्हणाले, असेल पाच-चार वगैरे."

लंबूकाकांचे कान लाल झाले.

"पाच-चार," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं झाली लग्नाला. माझ्याकडे महिन्यापूर्वी येऊन गेलेलं गिऱ्हाईक आलं तरी मी पुन्हा टेप लावते. अंदाजाने कात्री चालवत नाही. आणि तुम्ही माझी अख्खी खोली अंदाजाने कापलीत! फोनवर नुसतं विचारायचं होतं, अगं, तुझी उंची किती? मी सांगितलं असतं. सरप्राइजचं मातेरं झालं असतं, एवढंच ना?"

"मला वाटलं, तुला आवडेल," लंबूकाका पुटपुटले.

"काम तुमच्या मापाचं झालंय. तर वापराही तुम्हीच. उद्यापासून स्वयंपाक तुमचा."

डिझायनरने फोटो न काढताच काढता पाय घेतला.

लंबूकाकांना आधी ती रागातली धमकी वाटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मशीनवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेवटी काकांनी चहा केला. दुपारी भात केला, तो खाली लागला. संध्याकाळी भाजी केली. भाजी बरी झाली, पण साखर सापडेना म्हणून चहा बिनसाखरेचा. बाईंनी तो तसाच संपवला. काका ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर ओट्यापाशी उभे राहू लागले. ओटा त्यांना अगदी बेतशीर होता. पण धुराच्या चिमणीची कड त्यांच्या बरोबर कपाळावर यायची, कारण ती फोटोत सरळ रेषेत दिसावी म्हणून खाली टांगली होती. चौथ्या दिवशी कपाळाला टेंगूळ आलं. नडगीही निळी झाली. मिक्सर लावायचा तर प्लग ड्रॉवरच्या आत लपवलेला. ड्रॉवर उघडा ठेवला की मिक्सरपाशी उभं राहता येईना. सातव्या दिवशी ते साखरेच्या डब्यासाठी कोपऱ्यातल्या कपाटात खांद्यापर्यंत घुसले आणि फिरती फळी त्यांच्या हातावर फिरली.

नवव्या दिवशी मात्र त्यांचा बांध फुटला. शर्ट पोटावर चिंब भिजलेला, तशाच अवतारात त्यांनी डिझायनरला फोन लावला. बाई पलीकडे मशीनवर होत्या. भिंत नसल्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"अरे, सिंक आहे की थाळी? नळ सोडला की मी भिजतोय! दाराला मूठ का नाही? खरकट्या हाताने उघडायचं कसं? फ्रिज अर्धाच उघडतो हे तुला कागदावर दिसलं नाही? सवय होईल म्हणजे काय? दगडाची सवय होते का कधी?"

बाईंनी पायाखालचं पॅडल सोडलं. खरं तर त्यांना हसू यायला हवं होतं, आणि आलं असतं तर बरंही झालं असतं. पण आलं नाही, त्या खुर्ची मागे सारून उठल्या. फोन ठेवून काका वळले तेव्हा बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"हे सगळं तीन आठवडे मी सांगत होते. शब्दन् शब्द हाच. तुम्ही काय म्हणालात? सवय होईल. आज तुमचा शर्ट भिजला तर सिंक वाईट. मी भिजत होते तेव्हा मी वाईट, मला नावं ठेवायची खोड!"

ओल्या शर्टानिशी काका त्या लाकडी पाटावरच बसले. पाटावर बसल्यावर ते बाईंपेक्षा खाली आले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ओटा नंतरचा. तू सांगत होतीस ते मी ऐकलंच नाही, ते चुकलं."

"हो, चुकलं," बाई म्हणाल्या. "आधी शर्ट बदला, सर्दी होईल."

त्यांचा राग त्या दिवशी गेला नाही. पुढचा आठवडाभरही गेला नाही. पण रविवारी त्यांनी स्वतः सुतारदादांना बोलावलं. डिझायनर फोनवर म्हणाला होता की एकाही गोष्टीला हात लावला तर तो कशालाच जबाबदार नाही. "आत्तापर्यंत तरी कुठे जबाबदार होता?" एवढं बोलून बाईंनी फोन ठेवून दिला होता.

सुतारदादा म्हणाले, सगळा ओटा खाली घेता येणार नाही, दगड फुटेल. खिडकीकडची बाजू तेवढी जमेल. बाई अनवाणी उभ्या राहिल्या, कोपर दुमडलं आणि स्वतःच टेप लावून आकडा सांगितला. त्यांनी हवेत कणीक मळल्यासारखे हात हलवून पाहिले, मग म्हणाल्या, "आणखी अर्धा इंच खाली." शेगडी तिकडे आली. सिंक बदलून खोल बसवलं. मधला चौथरा उचलून शिवणाच्या खोलीत नेला. त्यावर कापड पसरून बेतायला जागा झाली. जिथे भिंत होती तिथे लाकूड आणि काचेचं सरकतं दार बसलं. सुतारदादांनी मुठींचे चार नमुने आणले होते. बाईंनी चारही मुठी कोपराने ओढून पाहिल्या आणि सगळ्यांत बेढब होती ती निवडली.

"ही शोभणार नाही गं," लंबूकाका म्हणाले, आणि लगेच, "नाही, तुला हवी तीच," असंही म्हणाले.

कोपऱ्यातली फिरती फळी काढली तेव्हा साखरेचा डबा, दोन चमचे आणि एक अख्खा कांदा मिळाला. कांद्याला हातभर कोंब फुटला होता.

काळी दारं मात्र तशीच राहिली. ती बदलायची तर सगळंच उखडावं लागलं असतं. त्यांच्यावरचे ठसे अजून दिवसातून चार वेळा दिसतात आणि अजूनही बाईंचं पित्त खवळतं. फडकं आता काकांच्या खांद्यावर असतं. ओट्याची उंच बाजू त्यांच्याकडे राहिली आहे. ऑफिसातून आले की भाजी तिथे ते चिरतात, फार जाड चिरतात, आणि बाई पलीकडे आपल्या ओट्यावर, दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून, कढईत परततात.

"बारीक चिरा हो जरा," त्या म्हणतात.

"किती बारीक?" काका विचारतात, आणि सुरी थांबवून खरोखरच उत्तराची वाट बघतात.