दोनशे अठ्ठेचाळीस दारं

बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखानदाराने प्रेस थांबवला, हात पुसले आणि सांगितलं, "चार माणसं लिहा, ताई."

ताईंनी पेन उचललं नाही. आत येतानाच त्यांनी दाराबाहेरचे चपलांचे जोड मोजले होते. अकरा होते.

"चार माणसांना बावीस पाय कसे हो?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या प्रेसवरचा कारागीर खाली मान घालून हसला. मालकही ओशाळला. पाच माणसं दाखवली की परवान्याची भानगड मागे लागते, म्हणून तो चारच्या पुढे जात नसे. शेवटी त्याने अकरा लिहायला सांगितलं आणि दरवेळी विचारायचा तोच प्रश्न पुन्हा विचारला, हे कागद जातात कुठे? ताईंनीही दरवेळचंच उत्तर दिलं. त्यांच्या वहीत त्याचं नाव होतं. विद्यापीठाबाहेर जायचा तो नुसता आकडा. त्याला नाव नसतं आणि पत्ताही नसतो.

वर्षातून चार वेळा त्या अशा दारोदार फिरत. विद्यापीठाच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पाच खोल्यांचं अभ्यास केंद्र होतं. या भागात काय काय बनतं, किती हात कामाला आहेत, कुठला धंदा वर आलाय आणि कुठला बसलाय, याचा अभ्यास तिथे चाले. केंद्राच्या पाटीवरचं नाव एवढं लांब होतं की पाटी दारापेक्षा रुंद झाली होती. आत मोठमोठे प्राध्यापक आलेख काढत, निबंध वाचायला परदेशी जात. पण त्या आलेखांची प्रत्येक रेघ ताईंच्या पायांपासून निघे. सहा महिन्यांच्या हंगामी नोकरीवर त्या आल्या होत्या, त्याला एकतीस वर्षं झाली. केंद्रातल्या कागदांवर त्या 'क्षेत्र-अन्वेषक' होत्या. कारखान्यांच्या गल्ल्यांत सगळे त्यांना पाहणीताई म्हणत.

आताचे संचालक एकेकाळी विद्यार्थी म्हणून त्यांच्याबरोबर फिरले होते. पहिल्याच दारात त्यांनी खिशातून कागद काढून घडाघडा प्रश्न वाचायला सुरुवात केली, तेव्हा समोर उभ्या असलेल्या मालकाने मालक घरी नाहीत असं सांगितलं होतं. परतताना ताईंनी त्यांना समजावलं, आधी यंत्राची चौकशी करायची. स्वतःबद्दल बोलायला माणूस कचरतो, यंत्राबद्दल विचारलं की खुलतो. संचालक झाल्यावरही ते ही गोष्ट नव्या विद्यार्थ्यांना सांगत, आणि ताई समोर असल्या तर उठून उभे राहत.

त्या वर्षी नगरपालिकेने ठरवलं की जुन्या गल्ल्या पाडून तिथे मोठी व्यापारी इमारत बांधायची. त्यांच्या दप्तरात त्या भागात एकसष्ट कारखान्यांची नोंद होती, त्यातले निम्मे बंद. तिथे उरलंय काय, असा त्यांचा सवाल होता. आणि त्याच महिन्यात केंद्राचा वार्षिक अहवाल आला. त्यात त्या गल्ल्यांचा आकडा होता, चालू कारखाने दोनशे अठ्ठेचाळीस, कामाला दोन हजारांवर माणसं. पडवीत, जिन्याखाली, दुकानाच्या पाठच्या खोलीत, बाहेरून बंद दिसणाऱ्या दारांमागे. यातलं प्रत्येक दार ताईंनी स्वतः ठोठावलं होतं.

वर्तमानपत्रात आकडा ठळक छापून आला. ताईंचे यजमान मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले. पेन्सिल हातात घेतल्याशिवाय ते पेपर वाचत नसत. त्या सकाळी त्यांनी बातमी दोनदा वाचली, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, एकही चूक नाही. ताई पोळीचं पीठ मळत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण त्या दिवशी पीठ जरा जास्तच मळलं गेलं.

चौथ्या दिवशी नगरपालिकेचा अधिकारी केंद्रात आला. बोलायला गोड माणूस. त्याने अहवालाचं कौतुक केलं, आणि मग यादी मागितली. कुठल्या गल्लीत, कुठलं दार, कुणाचं नाव. पडताळणी करायची म्हणाला. यादी मिळाली नाही, तर सुनावणीत आम्हाला हा आकडा मानता येणार नाही, हेही त्याने तितक्याच गोडीने सांगितलं.

नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी वही एकच होती. ती ताईंच्या कपाटात असे आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

संचालकांनी त्यांना खोलीत बोलावलं. ते अडचणीत सापडले होते. यादी द्यावी, तर बहुतेक कारखाने विनापरवाना, दुसऱ्याच दिवशी नोटिसा चिकटणार. न द्यावी, तर आकडा खोटा ठरणार, गल्ल्या पाडल्या जाणार आणि त्याबरोबर ते कारखानेही जाणार.

"ताई, एवढी वर्षं तुम्ही घाम गाळलात," ते म्हणाले. "यादी नाही दिली तर सगळं थाप म्हणून निकालात निघेल. तुमचंच नाव खराब होईल."

ताईंच्या मनात आलं नाही असं नाही. वही त्या गोड माणसाच्या टेबलावर आपटावी आणि म्हणावं, चला, मोजा एकेक. एकतीस वर्षांत आपल्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मग त्यांनी पर्समधून एक कोरा पाहणी-अर्ज काढला आणि संचालकांपुढे ठेवला. तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की ही माहिती केवळ अभ्यासासाठी आहे, कोणाचंही नाव उघड केलं जाणार नाही. त्याखाली अन्वेषकाच्या सहीची जागा होती.

"इथे सही केंद्राची नसते, सर. माझी असते," त्या म्हणाल्या. "माझं नाव खराब झालं तर होऊ दे. त्यांचं सांगायचा मला हक्क नाही."

संचालकांनी अर्ज वाचला, जणू पहिल्यांदाच वाचत होते. मग त्यांनी स्वतःच्या हाताने नगरपालिकेला नकाराचं पत्र लिहिलं. पुढच्या वर्षीचं नगरपालिकेचं अनुदान त्या पत्राबरोबर गेलं, हे दोघांनाही कळत होतं.

आठवड्याने पेपरात आलं, 'केंद्राचा आकडा संशयास्पद'. खाली लिहिलं होतं की ही गणना घरबसल्या झाली असावी. शेजारणी विचारू लागल्या. एका प्राध्यापकाने जिन्यात गाठून सुचवलं की आकडा थोडा कमी करून घेतला तर प्रकरण मिटेल. यजमानांनी बातमीवर पेन्सिल चालवली आणि ताईंपुढे पेपर धरला. बातमीत तीन चुका आहेत, ते म्हणाले, चौथी चूक म्हणजे बातमीच. ताई हसल्या. पण घरबसल्या हा शब्द त्यांना फार लागला होता. त्या दिवशी त्यांनी झिजलेले बूट टाचा लावायला दिले.

पुढच्या फेरीला ताई गल्ल्यांमध्ये गेल्या तेव्हा यादीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. सांगितलं असतं तर तो उपकार झाला असता, आणि उपकाराची परतफेड मागितल्यासारखं दिसलं असतं. पण गल्लीला कळलं होतं. नगरपालिकेतल्या शिपायाचा भाऊ तिथेच खोकी बनवायच्या कामाला होता.

सुनावणीच्या दिवशी सभागृह अर्धं रिकामं होतं. पुढे तोच गोड बोलणारा अधिकारी, एका बाजूला संचालक, त्यांच्या मागे ताई. अधिकाऱ्याने एकसष्टचा आकडा वाचला आणि दोनशे अठ्ठेचाळीसला पुरावा नाही, असं नोंदवायला सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून बिजागरीवाला उठला. धुतलेला शर्ट, पण नखांत तेल तसंच. त्याने आपली गल्ली सांगितली, दार सांगितलं.

"माझ्याकडे अकरा माणसं आहेत. परवाना नाही. काय करायचं ते करा, पण मी नाही असं लिहू नका."

त्याच्यामागे खोकीवाला उठला. मग छत्रीच्या काड्यांचे दोघे भाऊ. मग ब्रश बनवणाऱ्या बाई, ज्यांच्याकडे ताई बावीस वर्षं जात होत्या आणि ज्यांनी तेवढ्या वर्षांत एकदाही खरा आकडा पहिल्या फटक्यात सांगितला नव्हता. त्यांनी सांगितला, सोळा, सगळ्या बायका. एकेक करत सदतीस जण उठले. दोनशे अठ्ठेचाळीस नाही, सदतीस. बाकीचे भीत होते, आणि त्यांचं भिणं ताईंना समजत होतं.

अधिकारी गोंधळला. त्याने ताईंना उभं केलं आणि विचारलं, हे सगळे तुमच्या यादीत आहेत का?

"ते मला सांगता येणार नाही," ताई म्हणाल्या.

"अहो, मीच सांगतोय ना की मी आहे," बिजागरीवाला म्हणाला.

"तुम्ही सांगू शकता. मी नाही."

सभागृहात हशा पिकला. टिपणं घेणारा लेखनिकही हसला. अधिकारी मात्र हसला नाही. तो ताईंकडे पाहत राहिला आणि मग त्याने पुराव्याबद्दलचं वाक्य खोडायला सांगितलं.

पुढे योजना फेरविचारासाठी परत गेली. नगरपालिकेला स्वतः दारोदार मोजणी करावी लागली, परवाने घ्यायला दोन वर्षांची मुदत द्यावी लागली. त्यांचा आकडा दोनशे एकतीस आला. उरलेली सतरा दारं कुठली आणि मोजणीच्या दिवशी ती आतून का बंद होती, हे ताईंना ठाऊक होतं. त्यांनी ते संचालकांनाही सांगितलं नाही. केंद्राला नगरपालिकेचं अनुदान पुन्हा मिळालं नाही. पाहणी चालू राहिली, फक्त रिक्षाचा भत्ता गेला आणि ताई बसने जाऊ लागल्या.

पण ते नंतरचं. त्या दुपारी सुनावणी संपली तेव्हा संचालकांना पायऱ्यांवर पत्रकारांनी घेरलं होतं. ताई बाजूने निघाल्या आणि रस्ता ओलांडून बसथांब्यावर आल्या. बाकावर ब्रशवाल्या बाई बसल्या होत्या. सभागृहातले दोन अधिकारीही तिथेच उभे होते. बाईंनी ताईंकडे पाहिलं नाही. ताईंनीही ओळख दाखवली नाही. बाईंनी फक्त आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ताई मोकळ्या झालेल्या जागेवर बसल्या, आणि दोघी समोरच्या रस्त्याकडे पाहत, ताठ बसून, बसची वाट पाहू लागल्या.