मागच्या खोलीतले तुटके शब्द

मित्रांनो, माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यात तडा गेलेला आहे. बाजूचं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालं आहे, आणि सकाळी पोटभर वीज घेतली तरी दुपारी मला कासावीस व्हायला होतं. असा मी एक जुना मोबाइल. तुम्ही मला टेबलावर ठेवता आणि म्हणता, पडलाय बघा गप्प. पण मी गप्प कधीच नसतो. कुठून एखादी लहर येते का, आली तर टिकते का, टिकली तर पुरते का, याचीच माझी सारखी शोधाशोध चाललेली असते. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच लिहिलेलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. डोक्याला टोपी आणि हातात मोजे घातलेली माणसं ओळीनं बसली होती. कुणी माझ्या पोटात स्क्रू पिळले, कुणी काच चिकटवली. शेवटच्या टेबलावरच्या बाईनं मला कानाशी धरलं, टिचकी मारली आणि पुढे सरकवलं. माझी तेवढीच परीक्षा झाली, आणि मी पास झालो.

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीनं मला विकत घेतलं. पहिली वर्षं कौतुकात गेली. ती मला पदरच्या लेकरासारखं जपायची. मैत्रिणी म्हणायच्या, "काय फोटो काढतो गं तुझा फोन!" आणि मी तिच्या मुठीत फुगून बसायचो. मग बाजारात माझ्याहून देखणे मोबाइल आले. त्यातला एक तिच्या हाती गेला आणि मी खणात. रबरबँड, जुन्या किल्ल्या, वाकडा चिमटा अशा बिनकामाच्या मंडळींत मी किती दिवस काढले, ते मला ठाऊक नाही.

मला बाहेर काढलं ते एका वाईट बातमीनं.

या मुलीचे बाबा फुलांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोली लागली तर त्या टोकाच्या हमालाला कळावी. सगळे त्यांना 'भोंगा' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. एके दिवशी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळाला. आई धावत आल्या, तर ते काहीतरी सांगत होते आणि त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मेंदूला झटका आला होता.

हात हळूहळू वळणावर आला. जीभ मात्र रुसली. काय म्हणायचं ते डोक्यात स्वच्छ असायचं, पण ओठांपर्यंत येता येता वाटेतच सांडायचं. दवाखाना लांब होता. म्हणून स्पीच थेरपिस्ट बाईंनी ठरवलं की अभ्यास व्हिडिओ कॉलवरून घ्यायचा. मुलीनं मला पुसलं, चार्ज केलं आणि बाबांच्या उशाशी ठेवलं. "बाबा, आता हा तुमचा," ती म्हणाली आणि नोकरीच्या गावी परतली.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! माणसाची वाचा परत आणायची, याहून मोठं काम मोबाइलला कोण देणार?

पण बाबांची ती मागची खोली! तिथे सिमचा सिग्नल फिरकतही नसे. म्हणून घरात वाय-फाय आणलं होतं. त्याचा राउटर समोरच्या खोलीत होता. सुरुवातीला तो टीव्हीच्या वर होता; पण आई पडल्या टापटिपीच्या. लोंबणाऱ्या वायरी आणि मिचमिचणारे दिवे त्यांच्या डोळ्यांत खुपायचे. त्यांनी तो खालच्या लोखंडी कपाटात सारला, वर टेबलक्लॉथची घडी ठेवली आणि दार लावून टाकलं. तिथून निघालेली लहर लोखंडातून कशीबशी निसटायची, न्हाणीघराच्या फरशीच्या भिंतींवर आपटायची आणि माझ्यापर्यंत पोचेपर्यंत अर्धमेली व्हायची. त्यात अभ्यास ऐन रंगात आला की आई स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावायच्या, बाबांच्या हाताला शेकायची पिशवी गरम करायला. मग त्या यंत्राच्या लहरी माझ्या लहरीत घुसायच्या आणि माझ्या कानात नुसता कल्लोळ. वर मला अंगरखा चढवलेला, जाडजूड, पाठीत लोखंडाची पट्टी असलेला. पडलो तर लागू नये म्हणून. प्रेमानंच घातला होता, पण मला त्यात गुदमरायला व्हायचं.

अभ्यास समोरच्या खोलीत का घेतला नाही, असं तुम्ही विचाराल. बाबा तयार नव्हते. सबंध बाजार ज्यांनी आवाजानं हलवला, त्यांना आपलं अडखळणं आल्यागेल्याच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. ते आधी दार लावायला लावायचे आणि मगच माझ्यासमोर बसायचे.

बाई फार चांगल्या होत्या. तरुण होत्या आणि चिकाटीच्या. त्या चित्र दाखवायच्या आणि विचारायच्या, "काका, हे काय?"

"शिडी," बाबा म्हणायचे. हळू, ओढून, पण पुरतं म्हणायचे. मी तिथेच होतो, मी ऐकलंय.

बाईंच्या कानी पडायचं नुसतं "शि".

"शेवट राहिला, काका. पुन्हा म्हणा."

"शि...डी."

आता पोचायचं नुसतं "डी".

"पुन्हा एकदा. घाई नाही."

चित्र गोठलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण चित्र जेमतेम चालू राहायचं आणि गळायची ती अक्षरं. आणि ज्याची जीभ अडखळते असं सगळ्यांना आधीच माहीत आहे, त्याची अक्षरं गळाली तर आश्चर्य कुणाला वाटणार? बाईंचंही बोलणं इकडे फाटून यायचं. "डावा हात वर करा" मधलं नुसतं "हात" पोचायचं. बाबा गोंधळून दोन्ही हात बघत बसायचे, आणि बाईंना वाटायचं, काकांना समजायलाही जड जातंय.

बाईंनी एकदा विचारलं होतं, "काकू, तुमचं नेट ठीक आहे ना?"

"हो हो, नवंकोरं कनेक्शन आहे," आई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी आतल्या आत तडफडत होतो. सिग्नलची एक पट्टी, दोन पट्ट्या, पुन्हा एक. लहर धरायची, सुटायची, पुन्हा धरायची. माझं अंग तापायचं. आई म्हणायच्या, "हे डबडं किती गरम होतंय!" आणि मला ओल्या फडक्यानं पुसायच्या. ताप कसला, हे मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्यांचं बोलणं पोचवणाऱ्याला स्वतःचं तोंड नसतं, मित्रांनो.

मग एक दिवस बाई जरा थांबल्या. "काकू, स्पष्टच सांगते. गेले काही आठवडे काका होते तिथेच आहेत. थोडं मागेच गेलेत म्हणा ना. आता काही दिवस अभ्यास थांबवू या. उगाच त्यांना त्रास."

काय दैव बघा! दिवसभर लंगडणारी लहर नेमकी तेव्हाच सरळ उभी राहिली. ते बोलणं माझ्यातून अक्षरही न गळता बाहेर पडलं.

बाबांनी मला उचललं आणि पालथं ठेवलं.

त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच टाकलं. आधी निदान "मीठ" म्हणायचे, "पंखा" म्हणायचे, आईंवर चिडले की "अगं" तर खणखणीत म्हणायचे. आता बोट दाखवायचे आणि तोंड फिरवायचे. आई ताट घेऊन यायच्या, काहीबाही विचारायच्या, उत्तराची वाट बघायच्या आणि रिकामं ताट घेऊन जायच्या. मला पालथं पडल्या पडल्या त्यांच्या पावलांवरून कळायचं, आजही काही बोलले नाहीत.

शेवटी एका दुपारी आईंना राहवेना. बाबांच्याच पलंगाच्या कडेला बसून त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, बाबा बोलतच नाहीयेत. मी काय करू, मला काही सुचत नाही," आई म्हणाल्या.

माझी लहर तेव्हा पार गळ्याशी आलेली. तिकडे पोचलं ते असं: "अ... बा... बो... नाही... मी का... सुच..."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "आई! तुझी जीभ अशी का होतेय? आई, तोंड सरळ आहे ना? दोन्ही हात वर कर बघू! आत्ताच्या आत्ता!"

आईंनी घाबरून दोन्ही हात वर केले. मी अर्थातच खाली पडलो. बाबा पलंगावर ताडकन उठून बसले.

"अगं, मला काय धाड भरलीये?" आई मला उचलत म्हणाल्या. पण मनात शंका शिरलीच. आरशात तोंड बघायला त्या मला घेऊन तरातरा समोरच्या खोलीत गेल्या. "सरळ आहे गं बाई तोंड. होतं तसंच आहे, वय झालंय तेवढंच."

मग मुलगी म्हणाली, "आई, आत्ता कशी नीट बोललीस?"

"मी मघापासून नीटच बोलतेय!"

"नाही. मघाशी नुसते तुकडे येत होते. तू आधी कुठे बसली होतीस? तिथे परत जा बरं. बोलत बोलत जा."

आई बोलत बोलत मागच्या खोलीत गेल्या, तर पुन्हा तुकडे. समोर आल्या तर पुन्हा सगळं लख्ख. त्या दोनदा गेल्या, दोनदा आल्या. बाबा दारातून बघत राहिले.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "बाबांचा अभ्यास कुठल्या खोलीत घेत होतात?"

आई तिथेच खुर्चीत बसल्या. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावला. मग उठल्या आणि पदर खोचला.

लोखंडी कपाटाचं दार उघडलं. टेबलक्लॉथखालून राउटर बाहेर आला, बिचारा भाकरीसारखा तापलेला. मुलगी तिकडून सांगत होती आणि आई इकडे स्टुलावर चढत होत्या. खिडकीत ठेवून पाहिला, काही जमेना. मधल्या बोळात, बाबांच्या दाराजवळच्या उंच फळीवर ठेवायचं ठरलं, तर वायर हातभर कमी. दुसऱ्या दिवशी वायरमन लांब वायर जोडून गेला. "आणि त्या फोनचं ते लोखंडी कव्हर आधी काढ," मुलीनं बजावलं. "अभ्यासाच्या वेळी मायक्रोवेव्हलाही सुट्टी दे." माझा अंगरखा उतरला, आणि कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. सगळ्या पट्ट्या भरल्या होत्या! मला तर स्थिर राहायचं कसं हेच समजेना.

पण बाबा? आई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, दोष तुमच्या जिभेचा नव्हता. मीच तो राउटर कपाटात कोंबला होता." बाबांनी नुसती मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांना वाटलं, ही माझी समजूत घालतेय. आजारी माणसाशी सगळे गोड बोलतात, तसंच हेही.

आईंनी वाद घातला नाही. त्यांनी मुलीला कॉल लावला, मला बाबांच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

मुलगी दुकानात होती. मागे चष्म्यांच्या रांगा दिसत होत्या. "बाबा," ती म्हणाली. बाबा गप्प होते. तीही गप्प झाली. ती शांतता मला सोसवत नव्हती. लहर भरभरून वाहत होती आणि तिच्यावरून न्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. बाबांचा अंगठा माझ्या काचेच्या कडेवरून पुढे-मागे फिरत होता. आता मला पालथं ठेवतील, असं मला वाटलं.

त्यांनी ओठ ओले केले.

"जे...वलीस... का?"

"अजून नाही," मुलगी पटकन म्हणाली.

आणि दोघंही थबकले. तिनं 'पुन्हा म्हणा' म्हटलं नव्हतं. 'काय?' असंही विचारलं नव्हतं. तिनं फक्त उत्तर दिलं होतं, रोज एखादी लेक देते तसं.

बाबांनी मला चेहऱ्याच्या अगदी जवळ आणलं. त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटला. "मग... जेव... आधी," ते म्हणाले.

दाराबाहेर आई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हुंदका काही केल्या दबेना. तो मी ऐकला आणि तिकडे पोचवलाही. तोही तिकडे पूर्ण पोचला.

अभ्यास पुन्हा सुरू झाला. बाईंनी शिडी दाखवली, कात्री दाखवली, किल्ली दाखवली, आणि मग चित्रं खाली ठेवली. "काका, हे शब्द तुमच्याकडे होतेच की हो," त्या म्हणाल्या. "मी एकदा प्रत्यक्ष येऊन ऐकायला हवं होतं." पुढच्या आठवड्यात त्या खरोखरच आल्या आणि खुर्ची ओढून बाबांच्या गुडघ्यापाशी बसल्या.

बाबा पूर्ण बरे झाले, असं मी सांगणार नाही. लांब शब्द अजून त्यांना छळतात. मध्येच एखादा हरवतो आणि तो सापडेपर्यंत ते हवेत बोट धरून थांबतात. पण आता सगळे थांबतात.

मी मात्र थकलो आहे. नवा मोबाइल घेऊ, असं घरात बोलणं होतं. मला खणात जायचं दुःख नाही, मित्रांनो. तुम्हाला एकच विनवणी आहे. माझ्यासारख्याला जपा, कोंडू नका, गुदमरवू नका, आमचं चालेनासं झालं की आपटण्याआधी वाटेत काय आडवं आलंय ते बघा. आणि घरातलं कुणी अडखळलं, कुणाचं बोलणं तुमच्यापर्यंत तुटून आलं, तर लगेच त्याला मागे पडला म्हणू नका. एक खोली ओलांडा आणि त्याच्या जवळ जाऊन बसा. मध्ये किती भिंती उभ्या आहेत, ते बोलणाऱ्याला कधीच दिसत नाही.

बरं, पुरे करतो. मी थरथरायला लागलोय, बाईंचा कॉल येतोय. आणि बाबा आजकाल अभ्यासाच्या वेळी खोलीचं दार उघडंच ठेवतात.